पहिल्या पंचवीस ओळी

ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर बंद करायचं ठरलं, आणि त्यातून बाहेर काढलेल्या तीन टेक्स्ट फाइली माझ्याकडे आल्या. पुस्तकं, सभासद आणि देवघेव. त्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये घ्यायच्या (तो माहिती टेबलांत साठवणारा प्रोग्रॅम), एवढंच काम होतं. अ‍ॅक्सेस मी आधी वापरलेलं होतं, पण त्यात थेट हाताने माहिती भरली होती. बाहेरून एवढी मोठी फाइल आत आणायची ही पहिलीच वेळ. एका संध्याकाळी होईल असं मी ग्रंथपाल मॅडमना सांगून बसले आणि त्याला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत जे कळलं ते लिहून ठेवते, कारण यातलं बरंचसं मला आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

पुस्तकांच्या फाइलीत चौदा रकाने होते आणि रकान्यांच्या मध्ये टॅब. दाखलांक (पुस्तक ग्रंथालयात दाखल होताना मिळणारा क्रमांक), वर्गांक (पुस्तकाचा विषय सांगणारा क्रमांक), शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), दाखल तारीख वगैरे, आणि शेवटी शेरा. नोटपॅडमध्ये ती ओबडधोबड दिसत होती, म्हणून मी आधी एक्सेलमध्ये उघडली. सगळं नीट रकान्यांत बसलेलं दिसलं. मग 'सीएसव्ही' (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) म्हणून सेव्ह केली आणि तीच पुढे वापरायला घेतली. ही पहिली चूक. उघडताना एक्सेलने दाखलांकांपुढची शून्यं काढून टाकली, आणि तेरा अंकी आयएसबीएन '९.७८ई+१२' असा दाखवायला सुरुवात केली. पडद्यावर तसं दिसणं एक वेळ चालेल, आतमध्ये पूर्ण आकडा असतो. पण सीएसव्ही करताना जे पडद्यावर दिसतं तेच फाइलीत लिहिलं जातं. माझ्या नव्या फाइलीत शेकडो पुस्तकांना एकच आयएसबीएन होता आणि मूळ आकडे त्या फाइलीतून कायमचे गेले होते. नशिबाने मूळ टेक्स्ट फाइल मी हलवली नव्हती. तेव्हापासून मूळ फाइल 'फक्त वाचा' अशी करून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते आणि प्रतीवरच काम करते.

अ‍ॅक्सेसमध्ये 'एक्सटर्नल डेटा' या टॅबवरून टेक्स्ट फाइल निवडली की तीन पर्याय येतात: नवं टेबल करून त्यात घ्या, असलेल्या टेबलात भर घाला, किंवा फाइल जिथे आहे तिथेच ठेवून तिच्याशी फक्त जोडणी करा. मी पहिला निवडला. मग विझार्ड, म्हणजे एकेक पायरी विचारत जाणाऱ्या खिडक्या, सुरू झाला. रकाने कशाने वेगळे केलेत ते सांगितलं, पहिल्या ओळीत रकान्यांची नावं आहेत ही खूण केली, आणि खालच्या चौकटीत नमुना दिसला. त्यात एकही मराठी अक्षर नव्हतं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला लहान रोमन 'ए', त्याच्यापुढे चार टोकं फुटलेलं एक गोल चिन्ह, मग आणखी काहीतरी, पुन्हा तोच 'ए', आणि मध्येच कुठे येन या चलनाची खूण. ओळीच्या ओळी अशाच.

मला वाटलं फाइलच बिघडली आहे. ती बिघडलेली नव्हती. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवलं जातं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. त्या तीनपैकी पहिला बाइट देवनागरीच्या सगळ्या चिन्हांना एकच आहे. दुसऱ्यात दोनच शक्यता आहेत: स्वर, व्यंजनं, काना आणि पहिली वेलांटी यांना एक; दुसरी वेलांटी, उकार, मात्रे आणि हलन्त यांना दुसरी. विझार्ड ही फाइल पश्चिम युरोपीय कोड पेजने, म्हणजे कोणत्या बाइटाचं कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या १२५२ क्रमांकाच्या तक्त्याने वाचत होता. त्या पद्धतीत एक बाइट म्हणजे एक अक्षर, त्यामुळे पहिला बाइट प्रत्येक वेळी तो रेघवाला 'ए' होऊन येत होता आणि दुसरा कधी गोल चिन्ह, कधी येन. हे समजल्यावर मला तो कचरा वाचता यायला लागला: जिथे येन दिसतोय तिथे दुसरी वेलांटी, मात्रा, उकार किंवा जोडाक्षर असणार. माहिती शाबूत आहे, चष्मा चुकीचा आहे, ही खात्री पटली.

कोड पेज बदलायची जागा विझार्डच्या नेहमीच्या वाटेवर नाही. खाली डाव्या कोपऱ्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड' असं बटण आहे, त्याच्या आत. तिथे यादीतून 'युनिकोड (यूटीएफ-८)', क्रमांक ६५००१, निवडला आणि नमुन्यात शीर्षकं मराठीत उमटली. हे बटण नुसतं 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत गेलं तर कधीच दाबलं जात नाही. आज मला विचाराल तर ते बटण म्हणजेच खरा विझार्ड आहे. कोड पेज, तारखेचा क्रम, दशांशचिन्ह, प्रत्येक रकान्याचा प्रकार, कुठला रकाना वगळायचा, हे सगळं त्या एका खिडकीत आहे.

पण त्या दिवशी मी तिथून फक्त कोड पेज बदलून बाहेर आले. इंपोर्ट झालं. शेवटी निरोप आला की काही माहिती आत आलेली नाही, तपशील अमुक टेबलात पाहा. फाइलच्या नावापुढे 'इंपोर्टएरर्स' असं जोडलेलं एक नवं टेबल तयार झालं होतं. त्यात तीनच रकाने असतात: चूक कोणती, कुठल्या फील्डमध्ये, कितव्या ओळीत. माझ्याकडे १८४ नोंदी होत्या. त्यापैकी १६६ ठिकाणी 'टाइप कन्व्हर्जन फेल्युअर', म्हणजे रकान्याच्या प्रकारात मजकूर बसला नाही. ११ ठिकाणी मजकूर कापला गेला होता. ७ ओळी त्याला उलगडताच आल्या नव्हत्या.

शेवटच्या दोन प्रकारांचा उलगडा पटकन झाला. शेऱ्याचा रकाना 'शॉर्ट टेक्स्ट' धरला गेला होता आणि त्यात २५५ च्या पुढे अक्षरं मावत नाहीत. तो 'लाँग टेक्स्ट' करायला हवा होता. आणि सात शीर्षकांत दुहेरी अवतरणचिन्हं होती. विझार्डमध्ये दुहेरी अवतरण हे मजकुराची सुरुवात-शेवट दाखवणारं चिन्ह म्हणून निवडलेलं होतं, त्यामुळे शीर्षकातल्या पहिल्याच शब्दाला अवतरणं असली की अवतरण संपल्यावर रकानाही संपला असं समजून तो अडकायचा. आपल्या फाइलीत रकान्यांभोवती अवतरणं मुळात नाहीतच, तर तिथे 'काही नाही' हा पर्याय निवडायचा, एवढंच.

१८४ दुरुस्त्या करायच्या की झालं काम, असं धरून मी ग्रंथपाल मॅडमना बोलावलं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि टेबल वरून खाली सरकवत गेल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "४१२ हा कुठला दाखलांक? आमच्याकडे ००४१२ असतो. पुस्तकाच्या पाठीवर तसंच लिहिलंय." मग त्यांनी एक वर्गांक शोधायला सांगितला, ००५.७४. तो सापडला नाही. त्यांनी लेखकावरून पुस्तक काढलं, तर वर्गांकाच्या जागी ५.७४ होतं. ड्यूईच्या वर्गीकरणात, म्हणजे ग्रंथालयांत विषयांना आकडे देण्याच्या पद्धतीत, ००५.७४ हा डेटाबेसच्या पुस्तकांचाच वर्ग आहे.

ही चूक त्या १८४ मध्ये कुठेच नव्हती. तिथेच मला खरी भीती वाटली.

अ‍ॅक्सेस रकान्याचा प्रकार ठरवायला फाइलीच्या पहिल्या २५ ओळी पाहतं. आमची फाइल दाखलांकाच्या क्रमाने होती. पहिली पंचवीस पुस्तकं बहुतेक मराठी साहित्याची, वर्गांक ८९१.४६ आणि त्याच्या आसपासचे. त्यावरून वर्गांक म्हणजे दशांश संख्या असा अंदाज बांधला गेला. दाखलांक म्हणजे पूर्णांक संख्या. पुढे संदर्भग्रंथ आले, त्यांच्या वर्गांकाआधी 'सं' लिहिलेलं. ते संख्येत बसेना, म्हणून १४० ठिकाणी चूक नोंदवली गेली आणि ती जागा रिकामी राहिली. पण ००५.७४ हा संख्या म्हणून छान बसतो. ५.७४ झाला, कुठेही तक्रार नाही. ००४१२ चा ४१२ झाला, तक्रार नाही. ज्या चुका टेबलात लिहून आल्या त्या मला सापडणारच होत्या. ज्या मुकाट्याने बसल्या त्या मॅडम शेजारी बसल्या नसत्या तर तशाच पुढे गेल्या असत्या, आणि वर्षभराने कोणीतरी शेल्फवर ५.७४ शोधत उभं राहिलं असतं.

दोष त्या अंदाजाला देऊन उपयोग नाही. पंचवीस ओळी पाहून कोणीही तेच म्हटलं असतं. तो प्रश्न मी स्वतः सोडवायला हवा होता, कारण दाखलांक काय असतो हे मला माहीत होतं. दाखलांकांची कोणी बेरीज करत नाही, वर्गांकांची सरासरी काढत नाही. ती अंकांत लिहिलेली नावं आहेत. टेलिफोन क्रमांक, पिनकोड, सभासद क्रमांक, आयएसबीएन, सगळी त्याच जातीची. दहा अंकी आयएसबीएनचा शेवटचा अंक तर कधी कधी रोमन 'एक्स' असतो, तिथे संख्येचा प्रश्नच मिटतो. आमच्या फाइलीत तो रकाना योगायोगानेच वाचला, कारण सुरुवातीच्या जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नव्हताच आणि रिकाम्या रकान्याला 'शॉर्ट टेक्स्ट' धरलं गेलं होतं.

मग मी सगळं पुसून नव्याने सुरुवात केली, आणि या वेळी पद्धतच बदलली. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मध्ये जाऊन चौदाच्या चौदा रकान्यांना मजकूर हाच प्रकार दिला. वर्ष मजकूर, तारीख मजकूर, सगळं मजकूर. शेरा तेवढा 'लाँग टेक्स्ट'. या टेबलाला नाव दिलं 'कच्चं'. त्यात जे येईल ते फाइलीत जसं आहे तसं, एक शून्यही इकडचं तिकडे न होता. तपासणी आणि रूपांतर नंतर, क्वेरीने (टेबलातली माहिती निवडायला किंवा बदलायला दिलेल्या आज्ञेने), माझ्या डोळ्यांदेखत. आणि ही सगळी निवड त्याच खिडकीतल्या 'सेव्ह अ‍ॅज'ने साठवून ठेवली. विझार्डच्या अगदी शेवटी 'इंपोर्टच्या पायऱ्या साठवायच्या का' असंही विचारतात, ते वेगळं. त्यात फाइलचा पत्ता आणि टेबलाचं नावही अडकून राहतं. 'अ‍ॅडव्हान्स्ड'मधून साठवलेली ठेवण मात्र कुठल्याही फाइलीला लावता येते. या दोन्हींतला फरक न कळल्याने मी एकदा सगळे चौदा रकाने पुन्हा भरले होते.

या वेळी चुकांचं टेबल आलंच नाही. कच्च्या टेबलात ९,२१३ रेकॉर्ड होते. जुन्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावर पुस्तकांची संख्या ९,१८७ होती. सव्वीस जास्त. पुस्तकं कमी भरली असती तर लगेच काळजी केली असती, जास्त भरल्याचं मात्र मला क्षणभर चाललं, हे प्रामाणिकपणे सांगते. मग दाखलांक पाच अंकी नसलेली रेकॉर्ड वेगळी काढली. बरोबर सव्वीस. दाखलांकाच्या जागी "पाने ४५ ते ४८ नाहीत", "बांधणी केली", "दुसरी प्रत पाहा" असा मजकूर, बाकी रकाने रिकामे. कोणीतरी शेरा लिहिताना मध्ये एंटर दाबलं होतं. टेक्स्ट फाइलीत ओळ संपली की रेकॉर्ड संपतं, आणि आमच्या फाइलीत रकान्याला अवतरणांचं कुंपण नसल्याने हा एंटर आतला की बाहेरचा हे कळायला मार्गच नव्हता. पहिल्या खेपेच्या १६६ पैकी उरलेल्या २६ चुका याच होत्या.

दुरुस्ती नोटपॅड प्लस प्लसमध्ये केली. ज्या ओळीची सुरुवात पाच अंक आणि टॅबने होत नाही ती आधीच्या ओळीला जोडायची, असा एक शोध-बदल. पुन्हा इंपोर्ट, पुन्हा मोजणी, ९,१८७. ती संख्या जुळलेली पाहून जे वाटलं ते अजून आठवतं. अशा फेऱ्या मी दहा-बारा तरी केल्या असतील. जुनं टेबल पुसलं तरी डेटाबेसची फाइल आपोआप लहान होत नाही, फुगत जाते. मधूनमधून 'कॉम्पॅक्ट अँड रिपेअर' करावं लागतं. अ‍ॅक्सेसच्या एका फाइलीला २ जीबीची मर्यादा आहे, आमची त्याच्या जवळपासही नव्हती, पण सवय म्हणून करत राहिले.

आणखी एक गोष्ट याच वेळी केली. टेबलातल्या रेकॉर्डना फाइलीतला क्रम लक्षात ठेवण्याची सक्ती नसते. उघडल्यावर ओळी त्याच क्रमाने दिसतील यावर विसंबता येत नाही. म्हणून फाइलीच्या प्रतीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ओळ क्रमांक घातला आणि त्याचा पंधरावा रकाना केला. नंतर कुठलंही रेकॉर्ड संशयास्पद वाटलं की मूळ फाइलीत थेट त्या ओळीवर जाता यायचं.

तारखांवर सर्वात जास्त वेळ गेला. फाइलीत आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, मध्ये आडव्या रेघा. मजकुराचे तीन तुकडे करून 'डेटसीरियल' या फंक्शनला द्यायचे की तारीख तयार होते. क्वेरी चालली, एकही चूक नाही, आणि तोवर मला चूक न येण्याचीच धास्ती वाटायला लागली होती. म्हणून तयार झालेली तारीख पुन्हा त्याच पद्धतीने मजकुरात बदलली आणि मूळ मजकुराशी ताडून पाहिली. बावीस ठिकाणी जुळत नव्हती. एकोणीस पुस्तकांची तारीख ३० नोव्हेंबर १९९९ झाली होती. मुळात त्यांच्या तारखेच्या जागी नुसती शून्यं होती. डेटसीरियल शून्य वर्षाला २००० धरतं, शून्यावा महिना म्हणजे त्याआधीचा डिसेंबर, आणि शून्यावा दिवस म्हणजे त्याआधीच्या महिन्याचा शेवटचा. असं मागे मागे जात ते ३० नोव्हेंबर १९९९ वर पोचतं. उरलेल्या तिघांची तारीख ३१ जून होती. जून तीस दिवसांचा, तर फंक्शनने न कुरकुरता १ जुलै करून दिला. हे फंक्शन असंच वागायला बनवलेलं आहे आणि महिन्यांची बेरीज-वजाबाकी करताना ते फार सोयीचं पडतं. पण जुनी नोंद तपासायला ते एकटं वापरू नये. मी शून्यवाल्या तारखा रिकाम्या केल्या आणि त्या तिघांना बाजूला ठेवलं.

लेखकांचं वेगळं टेबल करायचं होतं, म्हणून नावांचे गट पाडले. आधी ट्रिम लावून कडेच्या मोकळ्या जागा काढल्या. तरी काही नावं दोनदा येत होती आणि डोळ्यांना अगदी सारखी दिसत होती. अशी एक जोडी मी अक्षर-अक्षर सोडवून पाहिली. 'ऱ्य' हे जोडाक्षर दोन तऱ्हांनी टाइप झालं होतं. एकात खालच्या टिंबाचा 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा जोडक, ज्याचा युनिकोड क्रमांक दशमान पद्धतीत ८२०५ आहे. आपल्याला दोन्ही एकच, टेबलाला दोन वेगळे लेखक. रिप्लेस फंक्शनने सगळीकडे एकच रूप केलं. शीर्षकांतही केलं, नाहीतर 'किनाऱ्यावर' शोधणाऱ्याला निम्मीच पुस्तकं मिळाली असती. मराठी माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा तपासावं असं मला कळकळीने वाटतं; इंग्रजी यादीवर काम करणाऱ्यांनी लिहिलेल्या सूचनांत हे कुठेच येत नाही.

सभासदांची फाइल सरळ निघाली. देवघेवीची फाइल मात्र शेवटी घ्यायची, कारण तिच्यातला प्रत्येक दाखलांक पुस्तकांच्या टेबलात आणि प्रत्येक सभासद क्रमांक सभासदांच्या टेबलात असला पाहिजे, असा संबंध मी दोन टेबलांत बांधला होता. 'अनमॅच्ड' क्वेरीने, म्हणजे दुसऱ्या टेबलात जोडी न सापडलेल्या नोंदी दाखवणाऱ्या क्वेरीने, आधीच पाहिलं तर काही नोंदी अशा पुस्तकांच्या होत्या जी यादीतून केव्हाच काढलेली होती. त्या वेगळ्या टेबलात ठेवल्या. पुसल्या नाहीत, कोणती नोंद टाकून द्यायची हे ठरवणारी मी कोण, तो मॅडमचा अधिकार.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी संध्याकाळी जुनं सॉफ्टवेअर बंद झालं आणि त्यातून ताज्या फाइली काढल्या. साठवलेली ठेवण लावली, शोध-बदल केला, क्रमांक देऊन ठेवलेल्या क्वेऱ्या एकामागून एक चालवल्या. मधल्या काळात बारा पुस्तकं वाढली होती. ९,१९९ आली. मॅडमनी शेल्फवरून हाताला येतील तशी वीस पुस्तकं आणली आणि मी एकेक दाखलांक टाकत गेले. ००४१२ निघाला. ००५.७४ निघाला, आणि त्या वर्गातली बाकीची चार पुस्तकंही त्याच्या खाली ओळीने आली.

मग त्या ३१ जूनच्या तीन पुस्तकांसाठी त्यांनी कपाटातून जाड पुठ्ठ्याची जुनी दाखल नोंदवही काढली. पानं जपून उलटत त्या ओळीवर आल्या. तिथेही निळ्या शाईत ३१ जूनच लिहिलेलं होतं, तिन्ही पुस्तकांपुढे, एकाच हस्ताक्षरात.

"तारीख रिकामी ठेवा," त्या म्हणाल्या, "आणि शेऱ्यात लिहा, नोंदवहीत ३१ जून आहे."

मी तसंच लिहिलं.